गळ्यातलं बिऱ्हाड

सुभेदारांचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल, की मी त्यांचा मोठा चाहता होतो. नव्हतो. वयाचा मान राखायचो, चहा सांगायचो, खुर्ची पुढं सरकवायचो, आणि ते गेले की अर्धा तास माझं कशात लक्ष लागायचं नाही.

उंब्रजच्या एस.टी. स्टँडासमोर माझं दुकान आहे. पाच मशिनं, एक प्रिंटर, एक झेरॉक्स आणि भिंतीवर काचेत घातलेला माझा डिप्लोमा. गावात मला सगळे 'सर' म्हणतात. कॉम्प्युटरच्या बाबतीत या भागात शेवटचा शब्द माझा असायला हवा होता. तो होता एका निवृत्त फौजी माणसाचा, ज्याच्या घरी स्वतःचा कॉम्प्युटरसुद्धा नव्हता.

त्यांच्याकडं होता एक पेनड्राइव्ह. काळ्या गोफात ओवलेला, गळ्यात, बनियनच्या आत. दसऱ्याला त्यालाही भंडारा लागायचा, त्यामुळं त्याचं टोपण कायमचं पिवळं झालं होतं. महिन्यातून एकदा मी मशिनं साफ करायला घ्यायचो, तेव्हा तीन नंबरच्या मशीनच्या खाचेतून हळद निघायची. "सुभेदार, मशीन खराब होतं हो यानं," असं मी एकदा म्हणालो. ते म्हणाले, "आवं सर, देवाचा हाय त्यो. त्यानं आजवर कुणाचं वाईट झालंय?"

ते सकाळी दहाच्या सुमाराला यायचे. ज्या दुकानात मी स्वतः चपला घालून वावरतो, तिथं ते उंबऱ्याबाहेर चपला काढायचे. तीन नंबरपाशी उभं राहून विचारायचे, "हे मोकळं हाय न्हवं?" मोकळंच असायचं. मग गोफ बाहेर ओढायचा, पेनड्राइव्ह कपाळाला लावायचा, खाचेवर फुंकर मारायची आणि तो आत सरकवायचा. त्यावर त्यांचं सगळं होतं: मेलचा प्रोग्रॅम, पत्ते, आलेली पत्रं, गेलेली पत्रं. मशीनमध्ये काही बसवायचं नाही, कुठली वेबसाइट उघडायची नाही. प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरूनच चालायचा. तो उघडला की आपोआप नवीन मेल ओढून घ्यायचा. उत्तरं लिहून झाली की बंद. शेवटी 'आता काढायला हरकत नाही' असं पडद्यावर आलं की सुभेदार उभे राहायचे, मशीनकडं बघून मान लववायचे आणि पेनड्राइव्ह पुन्हा बनियनच्या आत. मागं मशीनवर त्यांचा मागमूस राहायचा नाही. खुर्चीसुद्धा होती तिथं ठेवून जायचे.

सगळी नोकरी त्यांनी फौजेच्या संदेशखात्यात, सिग्नलमध्ये काढली होती. पण हे वेड फौजेतलं नव्हतं, त्याच्याही आधीचं होतं. सुभेदार मूळचे पूर्वेकडचे, माण भागातले. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दर साल तिकडचं गवत संपलं की त्यांचे वडील घोड्यावर बिऱ्हाड टाकून कृष्णाकाठाला उतरायचे आणि त्यांची मेंढरं आमच्या रानात बसायची. रानाला खत मिळायचं, मेंढरांना पाला. माझे वडील, म्हणजे आबा, आणि सुभेदार लहानपणापासूनचे दोस्त. नोकरी संपल्यावर सुभेदारांनी घर बांधलं तेही आपल्या गावी नाही, आमच्या रानाच्या कडेला.

"बिऱ्हाड घोड्यावर पायजे, सर," ते म्हणायचे. "भिंतीत न्हाई."

मी त्यांना शहाणपण शिकवायचो. "सुभेदार, आता नुसता पासवर्ड टाकला की मेल कुठंही उघडतो. हे लोढणं गळ्यात कशाला?"

"ते दुसऱ्याच्या घरात ऱ्हाणं झालं. मालकानं कुलूप बदाललं की आपली भांडी आत."

त्यातला एक प्रकार तर मला अजिबात पटायचा नाही. मेल ओढून घेतल्यावर त्याची एक प्रत पलीकडं, सर्व्हरवर राहू द्यायची सोय प्रोग्रॅममध्ये असते. ती त्यांनी मुद्दाम बंद ठेवली होती. म्हणजे मेल एकदा पेनड्राइव्हवर उतरला की पलीकडून पुसला जायचा आणि पुन्हा कुठूनही ओढता यायचा नाही. मी म्हणायचो, हा धोका आहे. ते म्हणायचे, "उठताना चूल मोडायची, सर. दगड इकडं तिकडं टाकायचं. मागून येणाऱ्याला कळाय नगं आमी काय शिजवलं." दर रविवारी ते दुसऱ्या पेनड्राइव्हवर सगळं उतरवून घ्यायचे आणि तो घरी ज्वारीच्या डब्यात ठेवायचे. एवढीच त्यांची खबरदारी.

एवढं असून लोक त्यांच्याकडं जायचे, हे माझं दुखणं. आमच्या भागात घरटी एक पोरगा फौजेत आहे. मोबाइल सगळ्यांकडं आले होते, पण फोनवर बोलायचं आणि पत्रात लिहायचं हे वेगळं असतं, हे आमच्या म्हाताऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. फोनवर 'जेवलास का, बरा हाईस का' यापलीकडं गाडी जात नाही. सुभेदारांपाशी बसून ते पोराला, लेकीला, भावाला मनातलं सांगायचे. सुभेदार ते शब्दाला शब्द टाइप करायचे, स्वतःचं एक अक्षर घालायचे नाहीत. उत्तर त्यांच्याच पत्त्यावर यायचं. मशिनं माझी, वीज माझी, इंटरनेट माझं. लोक मात्र दारात येऊन विचारायचे, "सुभेदार आलं न्हाईत व्हय अजून?" आणि मी आहे हे बघूनही बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचे.

साताऱ्यातही तेच. तिथं माजी सैनिकांच्या कामाची एक कचेरी आहे. सुभेदारांबरोबर मी एकदा गेलो होतो. एका गिऱ्हाइकाच्या कागदासाठी मी पाऊण तास रांगेत. हे सरळ आत गेले, कारकुनाच्या मशीनला पेनड्राइव्ह लावला, मेल बघितले, चहा प्याले आणि बाहेर येऊन मला विचारलं, "तुमचं झालं न्हाई व्हय?" कराडला कारखान्याच्या ऑफिसात, हायस्कुलात, डॉक्टरच्या कंपाउंडरकडं, कुठंही हा माणूस आपलं बिऱ्हाड उतरवायचा आणि कुणी नाही म्हणायचं नाही. आमच्या दुकानात दुसऱ्या कुणी पेनड्राइव्ह काढला तर मी आधी व्हायरस आहे का विचारतो.

मग ती केबल तुटली. हायवेचं खोदकाम चाललं होतं, त्यात जेसीबीचा दात आमच्या केबलीला लागला आणि तीन दिवस उंब्रजमधलं इंटरनेट बंद. माझं दुकान ओस. दुसऱ्या दिवशी दहा वाजता सुभेदार आले. मी म्हणालो, "आज काही नाही, सुभेदार."

"तुमचं न्हाई," ते म्हणाले. "माझं हाय की."

पेनड्राइव्ह लावून त्यांनी जुनी पत्रं उघडली. बाकावरची चार माणसं आत आली, मग आठ झाली. एका म्हातारीला नातवाचं दोन वर्षांपूर्वीचं पत्र ऐकायचं होतं. त्यात त्यानं बर्फात चपाती कशी कडक होते ते लिहिलं होतं. ते तिनं तीनदा वाचायला लावलं, तिन्ही वेळा म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. मग लोकांनी नवीन पत्रं सांगितली, सुभेदारांनी ती लिहून रांगेत लावून ठेवली आणि केबल जोडल्यावर एका झटक्यात सगळी रवाना झाली. इंटरनेट बंद असलेल्या त्या दिवसांइतकी गर्दी माझ्या दुकानात आधी कधी झाली नव्हती आणि नंतरही नाही. मी काउंटरमागं बसून झेरॉक्सच्या काचेवरची धूळ पुसत होतो. पोटात जे दुखत होतं त्याला मी आम्लपित्त म्हणत होतो.

इथवरही मी सहन केलं असतं. पण मग आबा यायला लागले.

आमचे आबा म्हणजे कमी बोलण्यात जिल्ह्यात पहिले. आई गेल्यापासून तर घरात त्यांचं बोलणं भाकरी वाढ आणि मोटर बंद कर एवढ्यावर आलं होतं. फोनवर ते दोनच शब्द बोलतात, 'व्हय' आणि 'ठेव'. दुकान काढल्याला बारा वर्षं झाली होती. उद्घाटनाला नारळ फोडला, त्यानंतर त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. रोज सकाळी पलीकडच्या सलूनमध्ये पेपर वाचायला यायचे, तिथूनच परत फिरायचे. वाचायचीही त्यांची तऱ्हा होती. आधी तारखेवर बोट ठेवायचं. कालचा पेपर असला तर सलूनवाल्याच्या पुढ्यात टाकायचे, "शिळं कशाला वाढतुयास?" आजचा असला तर बोट वरून खाली एकेक ओळ उतरत जायचं.

ते आबा एका सकाळी सुभेदारांच्या मागून आत आले, तीन नंबरशेजारी स्टूल ओढून बसले आणि त्यांच्या कानाशी लागून बोलायला लागले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. सुभेदारांची बोटं चालली होती. मी पाण्याचा तांब्या घेऊन जवळ गेलो, तर आबा गप्प झाले आणि सुभेदारांनी पडद्यावरची खिडकी खाली दाबली. माझ्या बापानं आणि त्या माणसानं मला तांब्यासकट परत पाठवलं. मग ते दर चार-आठ दिवसांनी व्हायला लागलं. कधी दोघं हसायचे. आबांचं हसू मी इतक्या वर्षांनी ऐकलं आणि ते माझ्याच दुकानात, माझ्याकडं पाठ करून.

आबा कुणाला लिहीत असतील? मी नाना तर्क केले. माझी तक्रार कुणाकडं करत असतील, इथपर्यंत गेलो. खरं सांगतो, त्या दिवसांत सुभेदार दुकानात शिरले की मला त्यांच्या चपलासुद्धा बघवायच्या नाहीत.

आणि एके दिवशी लाइट गेली. आबांचं लिहून झालं होतं, पत्र गेलं होतं, सुभेदार प्रोग्रॅम बंद करत होते, तेवढ्यात पडदा काळा. दुसरा कुणी असता तर पेनड्राइव्ह उपसून घरी गेला असता. पण काढायला हरकत नाही असा संदेश दिसल्याशिवाय सुभेदार तो काढायचे नाहीत. लाइट गेली म्हणून नियम जात नाही. "लाइट यील तवा रीतसर काढू," म्हणाले, आणि गोफ गळ्यातून उतरवून मशीनवर ठेवून, आबांना घेऊन समोरच्या टपरीवर चहाला गेले. इतक्या वर्षांत त्यांचा गळा मी पहिल्यांदा रिकामा बघितला.

ते दोघं पाठमोरे बाकड्यावर बसले आणि लाइट आली.

मी मशीन चालू केलं. माझे हात चुकले नाहीत. पेनड्राइव्हवरचं सगळं मी माझ्या टेबलावरच्या मशीनवर उतरवून घेतलं. मग रीतसर संदेश आणून पेनड्राइव्ह काढला, गोफाला गाठ नीट आहे का बघितलं आणि टपरीवर नेऊन सुभेदारांच्या हातात दिला. "संदेश आला, मग काढला," मी म्हणालो. त्यांनी आबांकडं बघितलं. "बघा आबा, पोरगं तयार झालं." आबांनी मान हलवली. मला त्या दिवशी चहा पाजला त्यांनी.

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी ती नक्कल उघडली. प्रोग्रॅम उघडताच त्यानं त्याच्या सवयीनं जे करायचं ते केलं. खाली एक पट्टी सरकली आणि 'नवीन: १' असं आलं. ते सगळं माझ्या ध्यानात यायला एक क्षण गेला. पासवर्ड त्यात साठवलेला होता. नवा मेल माझ्या नकलेत उतरला होता आणि पलीकडून पुसला गेला होता. सुभेदारांच्या पेनड्राइव्हवर तो आता कधीच येणार नव्हता. ज्या सोयीवरून मी त्यांना वर्षानुवर्षं शहाणपण शिकवलं, तिनंच मला पकडलं.

मेल माझ्या धाकट्या बहिणीचा होता.

तिनं अकरा वर्षांपूर्वी आपल्या मनानं लग्न केलं. आबा तेव्हा अंगणात उभं राहून म्हणाले होते, "आजपास्नं या घरात तिचं नाव काढायचं न्हाई." मी काढलं नाही. तिचे फोन आले, उचलले नाहीत. राख्या आल्या, पाकिटं न फोडता माळ्यावर टाकली. आबांचा शब्द कुणी पाळला तर मी, याचा मला अभिमान होता. आबांच्या जवळ जायची तेवढी एकच वाट मला सापडली होती.

मेल छोटा होता. "सुभेदार काका, आबांना वाचून दाखवा. आबा, यात्रेला येऊ का? पोरीला घेऊन. तिला आजोबाचं घर बघायचंय. हो असलं तर एका शब्दात कळवा. नसलं तर काहीच लिहू नका. मी समजेन, आणि परत विचारून तुम्हाला त्रास देणार नाही."

म्हणजे उत्तर न जाणं हेच उत्तर होतं.

सुभेदारांनी प्रत्येक घराचा वेगळा कप्पा केला होता. 'लिंबाखालचं घर', 'पाणंदीकडचं घर'. आमच्या कप्प्याचं नाव होतं 'सरांचं घर'. आबांचं नाही, माझं. त्यात आठ महिन्यांची पत्रं होती. माझ्या बापाला इतकं बोलता येतं, हे मला तिथं कळलं. विहिरीला पाणी किती, म्हैस कधी व्याली, आई कुठल्या सणाला आठवते. आणि एका पत्रात मी होतो. "तुझा भाऊ दिसभर काचेकडं बघत बसतुया. वाळलाय. त्याला ह्यातलं कळू देऊ नगंस. त्यानं माझा शब्द पाळलाय. त्याला वाटंल, बापानंच मोडला."

हे वाचल्यावर मी उठून सरळ सुभेदारांकडं जायला हवं होतं. गेलो नाही. पहिल्या दिवशी भीती वाटली. काय सांगू? चोरी केली म्हणून? दुसऱ्या दिवशी राग आला. मी अकरा वर्षं ज्या दाराशी पहारा केला ते त्यांनी दुसऱ्याच्या हातून उघडलं होतं आणि मला नुसतं उभं ठेवलं होतं. आणि तिसऱ्या दिवसापासून जे वाटलं ते लिहायला लाज वाटते. सुभेदारांजवळ नाही असं काहीतरी पहिल्यांदाच माझ्याजवळ होतं. ते दहाला यायचे, पेनड्राइव्ह कपाळाला लावायचे, मेल ओढायचे, आणि आबा स्टुलावरून विचारायचे, "आलं का?"

"न्हाई, आबा. यील."

मी काउंटरमागून ऐकायचो. सुभेदारांचा रिकामा चेहरा बघून मला बरं वाटायचं. आबांचा मी बघत नव्हतो.

नवव्या दिवशी आबा स्टुलावर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "आता नगा बघू, सुभेदार. तिचं बी बरुबर हाय. मी लय उशीर केला." टपरीवरून आलेला त्यांचा चहा तसाच स्टुलावर राहिला आणि ते स्टँडाच्या कडेकडेनं घराकडं चालू लागले. त्यांची चाल बदलली होती. मी कधी तसं चालताना त्यांना बघितलं नव्हतं.

मी सुभेदारांच्या समोर जाऊन सगळं सांगितलं. लाइट, नक्कल, मेल, नऊ दिवस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पत्र हाय का तुझ्याकडं?" त्यांनी विचारलं. मला ते नेहमी 'सर' म्हणायचे, 'तुमी' म्हणायचे. त्या दिवशी 'तू' झालं.

"आहे."

"मग घाल जागेवर."

त्यांनी पेनड्राइव्ह लावला आणि बाजूला झाले. मी माझ्या मशीनवरचा तो मेल आणून त्यांच्या प्रोग्रॅममध्ये होता तसा घातला आणि त्यांच्या देखत माझ्याकडची सगळी नक्कल पुसून टाकली. ते बघत होते.

"सिग्नलमदी संदेश दाबून ठिवला तर कोर्ट लागतं," ते म्हणाले. "हितं लागत न्हाई. हितं जल्मभर त्याच माणसाच्या शेजारी बसून जेवायचं आसतं. ते जास्त हाय."

"आबांना सांगणार तुम्ही?"

"माझं काम पत्र पोचवायचं. कुणी, कवा, कसं, हे सांगायचं न्हाई." आणि ते अनवाणीच आबांच्या मागं पळाले. त्या वयाचा माणूस भर स्टँडात पळताना बघून रिक्षावाले उठून उभे राहिले.

आबा आले. सुभेदारांनी अक्षर मोठं करून पत्र पडद्यावर ठेवलं. "तुमीच वाचा, आबा." आबांनी पेपरसारखं काचेवर बोट ठेवलं, अगदी वर. बोट तिथं बराच वेळ राहिलं. मला वाटलं, डोळे भरले असतील, अक्षर दिसत नसेल. मग ते खाली उतरलं, ओळीओळीनं, शेवटपर्यंत.

"लिवा," आबा म्हणाले. "ये."

एवढंच. सुभेदारांनी तेवढंच लिहिलं.

ती आली. यात्रेच्या आदल्या दिवशी, लेकीला घेऊन. मी स्टँडावर तिची बॅग उचलायला गेलो, ती म्हणाली, "राहू दे, दादा, हलकीच हाय." अकरा वर्षांनंतरचं आमचं पहिलं बोलणं ते. पालखी देवळात गेल्यावर आबांनी सुभेदारांना अंगणात बसवून फेटा बांधला. फेट्याचं ताट धरून मी उभा होतो. लोक म्हणत होते, सुभेदारांनी घर जोडलं. सुभेदार माझ्याकडं बघतही नव्हते. मला वाटलं, या क्षणी 'पत्र पोरानं दाबून ठेवलं होतं' एवढं एक वाक्य ते बोलले तर माझी सुटका होईल. ते बोलले नाहीत. दुसऱ्याच दिवशी दहा वाजता आले, पेनड्राइव्ह लावला, चहा पिऊन येतो म्हणाले आणि तो तसाच मशीनला ठेवून टपरीवर गेले. उजेड होता, लाइट होती, नियम मोडायला काही कारण नव्हतं. पंधरा मिनिटं मी त्या पिवळ्या टोपणाकडं बघत बसलो. हात लावला नाही. परत आल्यावर त्यांनी मशीनकडं नाही, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "सर, हे मोकळं हाय न्हवं?" मी पुन्हा 'सर' झालो होतो. माझा हेवा त्यानं कमी झाला असं म्हणणार होतो, पण खोटं कशाला लिहू? वाढला. असं मोठं वागणं मला कधी जमणार नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा त्यांना सांगलीला घेऊन गेला. गुडघे गेले होते. जाताना त्यांनी प्रत्येक घरी जाऊन ज्याची त्याची पत्रं द्यायची व्यवस्था केली, आणि बिऱ्हाड गळ्यात घालून गाडीत बसले. आता सांगलीत कुठल्या मशीनला ते हळद लावतात कोण जाणे.

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी आबा दुकानात आले. तीन नंबरचं स्टूल ओढलं. मला म्हणाले, "बस हितं. लिव."

इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते शेवटी घडत होतं. मी हात पुसून बसलो. "कुणाला, आबा?"

"सुभेदारांना."

मग मी लिहीत गेलो. तुमच्याबिगर करमत न्हाई. टपरीचा चहा बिघडला. आपल्या रानात यंदा कुणाची मेंढरं बसली न्हाईत. माझ्या बापाची माया माझ्याच बोटांतून दुसऱ्याकडं जात होती आणि मी शब्दाला शब्द टाइप करत होतो, स्वतःचं एक अक्षर न घालता. दोन पत्रं गेली, तीन गेली. चौथ्या पत्राला आबांनी बहिणीच्या पोरीचं सांगितलं, ऊस सांगितला आणि मग जरा थांबले.

"लिव. 'सुभेदार, एक ऱ्हायलंय सांगायचं. त्या पत्रावरची तारीख मी वाचली हुती.'"

माझी बोटं थांबली. "आबा..."

"लिव म्हनतो न्हवं? 'ज्या दिशी लाइट गेलती, त्या दिशीचं पत्र हुतं ते. नऊ दिस कुठं हुतं, ते मला तवाच कळलं. तुमी सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई. पोरगं हाय. त्याला बी कुणीतरी लिवायला पायजे हुतं, ते माझ्याकडनं ऱ्हायलं.'"

मी लिहिलं. पडद्यावरची अक्षरं मला दिसत नव्हती, पण हात शिकलेले आहेत, ते चुकत नाहीत. आबांनी बोट काचेवर ठेवून वरपासून खालपर्यंत वाचून घेतलं.

"बरुबर हाय. धाड."

मी पाठवलं. आबा उठले. उंबऱ्यापर्यंत गेले, तिथं त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या, सुभेदारांसारख्या. त्या पायात सरकवत, माझ्याकडं न बघता म्हणाले,

"उत्तर आलं की सांग. त्याच दिशी सांग."

"सांगतो, आबा," मी म्हणालो.